मोटरखान्याचा कोबा

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापते नऊ दिवस, लागला होता. दिवस उगवायचा अवकाश, की आंगणातली फरशी तापायला लागायची, आणि आभाळ असं मळकट पिवळं दिसायचं की कोणी त्यावर पिठाची चाळणी झटकली असावी. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. प्रयागबाई अंधारातच उठून कुरोड्यांचा चीक शिजवायला बसली होती. ऊन चढायच्या आत तो साच्यात घालून खाटेवरच्या लुगड्यावर पाडला पाहिजे, नाही तर दिवस वाया. तीन विटांच्या चुलीवर मोठा पितळी गंज होता आणि तिच्या हातात लाकडी चाटू. ढवळणारा हात थांबला की गुठळी झालीच. जुन्या बायका सांगतात, चिकाजवळ बसलेल्या बाईनं बोलू नये आणि मनात काही आणू नये. बोलणं प्रयागबाईला आवरता आलं असतं. मन कुठं आवरतं?

आंगणापलीकडच्या मोटरखान्यातून थापीचा आवाज येत होता. खर्र, खर्र, मग एक टोला. लहानू मिस्त्री नव्या टाक्याच्या भिंतीला आतून गिलावा करत होता. तिचा नवरा नत्थूजी त्याच्या डोक्यावर उभा राहून इथं अजून घोट, तिथं अजून घोट असं सांगत होता. टोला भिंतीवर बसत नाही, खाली कुठंतरी खोल जाऊन बसतो आहे, असं तिला वाटत होतं.

गंजाच्या बुडाशी चीक धरला. तिनं चाटू फिरवून पाहिला तर लिंबाएवढी गुठळी वर आली.

त्यांचं घर नागपूरच्या सक्करदऱ्याच्या पुढं, उमरेडच्या सडकेला लागून होतं. घर साधं, कवेलूचं. मोटरखाना मात्र पक्क्या विटांचा, वर टीन आणि खाली सिमेंटचा कोबा. तो तिच्या सासऱ्यानं, चंपतरावानं बांधला होता. चंपतराव जातीचा ढिवर. लहानपणी त्यानं बापाबरोबर तळ्यात जाळं ओढलं, शिंगाडे काढले. मग कोण्या मोटरवाल्याकडं क्लीनर म्हणून लागला, क्लीनरचा ड्रायव्हर झाला, आणि शेवटी एक जुनी पॅसेंजर मोटर घेऊन नागपूर ते भिवापूर स्वतःची सर्व्हिस चालवू लागला. ढिवराच्या घरी मोटर आली म्हणून लोक पाहायला यायचे. पुढं सरकारी एसटी त्या सडकेवर धावायला लागली आणि चंपतरावाची मोटर जी मोटरखान्यात जाऊन बसली ती भंगारवाल्यानंच बाहेर काढली. म्हातारा त्यानंतर फार जगला नाही. मोटरखान्यात जाळी, शिंगाड्यांची पोती आणि मोडक्या खाटा आल्या.

नत्थूजी बापाच्या उलट निघाला. त्याला स्टेअरिंगचं कधी वेड नव्हतं. तो पुन्हा पाण्याकडं गेला. पिंपळदऱ्याच्या तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांची सोसायटी होती, तिचा तो मुखिया. यंदा सरकारनं त्या तलावाच्या पाणी सोडायच्या तोटीचं काम काढलं होतं. त्यासाठी तलाव पार कोरडा करायचा होता. बारीक मासळी विकून टाकता आली असती, पण जोडीची मोठी मरळ कशी विकायची? पाऊस पडला की हीच मरळ काठच्या गवतात घर करते आणि तांबड्या पिल्लांचा घोळका घेऊन फिरते. पिल्लांसोबतच्या मरळीवर ढिवर जाळं टाकत नाही. तलावाचं बियाणं तेच. ते गेलं तर सोसायटीतल्या घरांना पुढली कित्येक सालं चिंगळ्या मोजत बसावं लागलं असतं.

म्हणून नत्थूजीनं ठरवलं की पाऊस पडेपर्यंत ही मरळ घरी सांभाळायची. उघड्यावर टाकं बांधलं तर नवतप्याच्या उन्हात पाण्याचा काढा होईल. सावली हवी, दार हवं, मांजर-मुंगूस आत येता कामा नये. मोटरखान्याहून चांगली जागा कुठली? मोटरखान्याची मागची अर्धी जागा भरेल एवढं, माणसाच्या छातीइतकं उंच टाकं लहानूनं कोब्यावरच उभं केलं.

आणि त्या कोब्याखाली विहीर होती.

नवीन लग्न होऊन आली तेव्हा प्रयागबाईनं त्याच विहिरीवर पाणी भरलं होतं. गोड पाणी, उन्हाळ्यातही न आटणारं. पहिल्या बाळंतपणाला ती भिवापूरला माहेरी गेली आणि पोरगी घेऊन परत आली तर विहीर नव्हती. तिच्या जागी मोटरखाना उभा होता आणि आत मोटर. त्या साली गावात पटकीची साथ आली होती. सडकेकाठच्या विहिरी बुजवा असा म्युनिसिपल कमेटीचा हुकूम निघाला होता, एवढं तिच्या कानावर आलं. सासऱ्याला विचारायची तेव्हाच्या सुनेची छाती नव्हती. चंपतराव आपणहून एवढंच बोलला होता की विहीर निजली आहे, तिच्यावर कोणी चूल मांडायची नाही आणि खाट टाकायची नाही. मोटर चालेल, मोटर माणूस नाही. विहिरीला श्वास घ्यायला म्हणून कोपऱ्यात सायलेन्सरचा एक जुना पाइप कोब्यातून वीतभर वर काढला होता. दर अखजीला, अक्षय तृतीयेला, प्रयागबाई त्या पाइपाजवळ हळदकुंकू ठेवायची. इतकी वर्षं तिनं कधी विचार केला नाही. विटांचा पहिला थर लागला त्या दिवसापासून मात्र तिच्या डोक्यातून ती गोष्ट हलली नव्हती.

कुरोड्या कशाबशा पाडून झाल्यावर तिनं नवऱ्याला चहा नेऊन दिला आणि पुन्हा तोच विषय काढला.

“अवो, त्याच्याखाली विहीर आहे.”

“होती,” नत्थूजी म्हणाला.

“होती म्हणजे गेली कुठं?”

“बुजवली वं. कमेटीनं बुजवाले लावली, साऱ्या सक्करदऱ्याले माहीत आहे. बाबाची मोटर वर्षानुवर्षं यावर उभी होती, ते का कागदाची होती? तवा हललं नाही, आता मासोळीनं हलन का?”

लहानू भिंतीआडून हसला. त्यानं लोखंडी सब्बल उचलून कोब्यावर दोनदा आदळली. ठस्स ठस्स असा आवाज आला. ऐका भाभी, असा आवाज फक्त पक्क्या जमिनीचा येतो, असं तो म्हणाला. प्रयागबाईनं ऐकलं. तिला तो आवाज पक्काही वाटला नाही आणि पोकळही वाटला नाही. आपल्याला काय कळतं, असं स्वतःला सांगून ती कपबशी घेऊन निघाली. पण सडकेवर सायकल हाती धरून जाणारे वामनराव दिसले, आणि तिच्या तोंडून हाक गेलीच.

वामनराव मागच्या गल्लीत राहायचे, बांधकाम खात्यात ओव्हरसियर. ऑफिसची घाई असूनही ते आत आले. कोबा चपलेच्या टाचेनं ठोकून पाहिला, टाक्याच्या कडेकडेनं फिरले, वाकून भिंतीच्या बुडाशी कुठं रेघ दिसते का पाहिलं. मोटर उभी होती ही गोष्ट नत्थूजीनं त्यांनाही ऐकवली. वामनराव म्हणाले की मोटरचं ओझं चार चाकांवर असतं, आणि चाकं विहिरीच्या काठाबाहेर पडत असतील तर मधे काय आहे ते मोटरला कधी कळलंच नसेल. शिवाय मोटर येते, जाते. पाणी बसून राहतं. भरलेल्या घागरीचं वजन वहिनींना ठाऊक आहे, या टाक्यात किती घागरी जातील त्याचा अंदाज करा.

“विहीर नीट भरली असेल, खालपासून वरपर्यंत, तर हे टाकं बसेल, वेळप्रसंगी हत्ती बसेल,” ते म्हणाले. “भरली नसेल तर इथं खाटसुद्धा टाकू नका. मला वरून नाही सांगता येणार, वहिनी. ज्यानं बुजवली त्याला विचारा.”

वामनराव गेल्यावर नत्थूजी चिडला. घरातली गोष्ट सडकेवर कशाला न्यायची, असं त्याचं म्हणणं होतं. पण ओव्हरसियरचं बोलणं त्यालाही कुठंतरी लागलं असावं, कारण तो मुकाट्यानं कोपऱ्यात गेला, एक खडा उचलला आणि पाइपात टाकला. आत लगेच खट्ट वाजलं.

“पाह्य. भरली आहे. आता तं झालं?”

नाही झालं. त्या पाइपात तिच्या पोरांनी लहानपणी काय काय टाकलं नव्हतं? खेळायचे कंचे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, एकदा तर भाजी वाढायचा चमचा. तो खडा विहिरीच्या मातीवर पडला की पाइपातच अडकून बसलेल्या पोरांच्या कंच्यांवर, हे कोणी सांगावं? तिनं ते बोलून दाखवलं तेव्हा नत्थूजी म्हणाला, तुला भेव पोसायचीच हौस आहे, एक झालं की दुसरं. मासोळी परवा येणार, पाणी परवा भरणार. आता टाकं उचलून दुसरीकडं ठेवायला ते का टोपलं आहे?

त्या रात्री तिला डोळा लागला नाही. नवरा दिवसातून दोन वेळा त्या टाक्यात उतरणार होता. मरळीला हात लावून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तो छातीभर पाण्यात उभा आहे, आणि मग उभा नाही, एवढंच तिला पुन्हा पुन्हा दिसत होतं.

विहीर बुजवायला कोण कोण होतं? सासरा गेला, सासू त्याच्या आधीच गेली. राहिला धोंडबा, चंपतरावाच्या मोटरवरचा क्लीनर. मोटर बसल्यावर तो भिवापूरला आपल्या गावी गेला होता आणि अजून जिवंत आहे, असं माहेरच्या लोकांकडून तिनं ऐकलं होतं. सकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं की सालभराच्या मिरच्या आणायला भिवापूरला जाऊन येते. नत्थूजीला बरंच वाटलं. एक दिवस तरी कानाशी विहीर वाजणार नव्हती.

पहिल्या एसटीनं ती निघाली. धोंडबा पुतण्याच्या घरी, ओसरीवर मिरच्यांच्या ढिगाशी बसलेला सापडला. नाकाला फडकं बांधून देठं खुडत होता. सुकून खारकेसारखा झाला होता, पण डोळे तसेच मिस्कील. ओळख सांगताच फडकं खाली करून त्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“चंपतरावाची सून! मिरच्या घ्यायले एवढ्या उन्हात आली? नागपुरात मिरच्या मेल्या का वं?”

प्रयागबाईनं पाणी प्यायलं, ढिगाशी बसून चार मिरच्यांची देठं खुडली, शिंकली, आणि मग विचारलं, “काकाजी, मामंजीनं विहीर बुजवली तवा तुमी होते ना?”

होतो म्हणजे काय, धोंडबा म्हणाला. मुरूम त्यानंच तर आणला. बैलगाड्यांनी आणला, गाडीवर गाडी रिकामी केली. कमेटीचा माणूस कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता. काठोकाठ भरली तेव्हाच तो उठला. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि वरती कळवलं.

प्रयागबाईच्या छातीवरचा दगडच उतरला. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा मिरच्यांचा रंग दिसला. भरली. काठोकाठ भरली. आपण उगीच नवऱ्याचं डोकं खाल्लं. आता परत जाऊन त्याला सांगायचं की तुमचंच खरं, आणि त्याचे चार टोमणे हसून ऐकायचे.

पण धोंडबा खुदूखुदू हसत होता. हसता हसता खोकला, आणि इकडंतिकडं पाहून तिच्याकडं सरकला.

“आता कोणाचं काय जाते? मी सांगतो. तुया सासरा लय बेरका होता. मुरूम पडला तो दिवसा. त्याच्या आदल्या दिवशी आमी दोघं दोरानं विहिरीत उतरलो होतो. पुरुषभर खाली, जिथं पाय ठेवाचे खाचे होते ना, तिथं साजाच्या लाकडाच्या बल्ल्या आडव्या ठोकल्या. बल्ल्यावर फळ्या, फळ्यावर मोटरचे जुने पत्रे. मंग मुरूम. कमेटीले वाटलं विहीर भरली.”

“काहून असं?” तिनं विचारलं.

“तो म्हणे, पाण्याच्या तोंडात माती घालाची नाही. माह्या बापानं पाण्यावर पोट भरलं, मी त्याच्या तोंडात माती नाही घालणार. हुकूम तं मोडता येत नव्हता. मंग त्यानं पाण्यालेही दुखवलं नाही अन् कमेटीलेही.”

खाली पाणी तसंच आहे, त्यानं अभिमानानं सांगितलं. गार, काळंभोर.

प्रयागबाईच्या हातातली मिरची फुटली आणि बिया मांडीवर सांडल्या. तिनं बल्ल्यांचं विचारलं. इतक्या वर्षांत त्यांचं काय झालं असेल? धोंडबा म्हणाला, साजाचं लाकूड आहे, साज पाण्यात बुडाला तर जन्म काढतो. कोरडा राहिला तरी काढतो. पाण्यातले डोंगे साजाचेच करायचे ना आपले लोक. फक्त अर्धा ओला, अर्धा कोरडा राहिला तर... खालून वाफ, वरून मुरूम... तो तिथंच थांबला. त्याचं हसू गेलं.

“तू हे काहून इचारून राहिली?”

तिनं सांगितलं. टाकं केवढं ते हात लांब करून दाखवलं, आणि उंची आपल्या छातीवर हात ठेवून.

धोंडबानं देठ खुडायचं थांबवलं. “पोरी, तू आत्ता निघ. मिरच्या नोको घेऊ. निघ.”

दुपारची गाडी भरून आली, तरी कंडक्टरनं तिला पायरीवर घेतलं. उमरेड सोडल्यावर टायर फुटला. नवतप्यात सडकच तव्यासारखी, त्याला कंडक्टर काय करणार? लोक मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले, कोणी टॉवेल तोंडावर घेऊन आडवं झालं. प्रयागबाई चाकाजवळच उभी राहिली. मासोळी उद्या आहे, ती स्वतःला सांगत होती. पाणी उद्या भरणार आहे. आज फक्त गिलावा वाळतो आहे. पण तलाव आटवणाऱ्या माणसांचा काय नेम? पाणी जरा लवकर उतरलं आणि मरळ चिखलात तडफडायला लागली, तर नत्थूजी उद्याची वाट पाहील का? नवऱ्याला ती ओळखून होती. चाक बदलणाऱ्या ड्रायव्हरला तिनं विचारलं, भाऊ, लवकर होईन ना? तो म्हणाला, बाई, मी का इथं हौसेनं झोपलो आहे?

दिवस कलताना ती घराजवळ उतरली. सडकेवर ओली रेघ होती. ती रेघ सरळ त्यांच्या फाटकात वळली होती.

फाटकात पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याचा जाड रबरी पाइप मोटरखान्याच्या दारातून आत गेला होता. बाहेर बैलगाडीवर झाकण बांधलेली पिंपं, त्यांत मरळ धडका मारत होती. सोसायटीचे दोघं जण गाडीला टेकून बिड्या ओढत होते. लहानू आत भिंतीशी उभा होता. आणि टाक्यात, मांडीभर पाण्यात, धोतर खोचून नत्थूजी पाइपाचं तोंड धरून होता. त्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता.

प्रयागबाई उंबऱ्यावर थांबली. आत पाय टाकायची तिची हिंमत झाली नाही.

“बाहेर या.”

“आली का तू? तलाव आजच आटला पाह्य. मिरच्या आणल्या का?”

“बाहेर या म्हणते ना.”

गाडीजवळच्यांपैकी एक जण म्हणाला, जाय गा नत्थू, वरून हुकूम आला. दुसरा हसला. नत्थूजीही हसला. चार माणसांसमोर बायकोनं बोलावलं म्हणून टाक्यातून उतरणारा तो नव्हता. पाणी भरू दे, मग येतो, असं म्हणून त्यानं पाइप दुसऱ्या हातात घेतला आणि एक पाऊल मधोमध टाकलं. पाणी टाक्याच्या भिंतीवर आपटलं. प्रयागबाईला ओरडायचं होतं, पण ओरडल्यानं तो धडपडून उडी मारेल, याची तिला जास्त भीती वाटली. तिनं आवाज खाली आणला.

“धोंडबा काकाजी भेटले. मामंजीनं विहीर भरली नाही. झाकली. खाली लाकडं घातले अन् वरून मुरूम टाकला.”

“तो म्हातारा काही पण बोलते.”

“मामंजी म्हणे, पाण्याच्या तोंडात माती घालाची नाही.”

नत्थूजीचं हसू तिथंच राहिलं. लहानपणी तलावाच्या काठावर त्यानं एकदा ढेकूळ उचलून पाण्यात भिरकावलं होतं, तेव्हा बापानं त्याच्या कानाखाली वाजवली होती आणि हेच शब्द बोलला होता, ह्याच्यातला एकही इकडचा तिकडं नाही. धोंडबा खोटं बोलला असता. ओव्हरसियर चुकला असता. पण हे बोलणं बापाचं होतं, आणि असं बोलणारा माणूस विहीर कशी बुजवेल ते पोराला कोणी सांगावं लागत नव्हतं.

त्यानं टँकरवाल्याला हातानं खूण केली. पाणी थांबलं. पाइप त्यानं हळूच खाली सोडला आणि तो भिंतीकडं निघाला, झोपलेल्या जनावराजवळून जावं तसा, पाय न उचलता, पाण्यातल्या पाण्यात सरकवत. भिंतीवर बसला. एक पाय बाहेर काढला, मग दुसरा. लहानूचा चेहरा सिमेंटसारखा झाला होता. नत्थूजीनं जाता जाता टाक्याच्या बाजूची खुंटी ओढली. पाणी भिंतीतल्या मोरीतून बाहेर नालीत पडायला लागलं. लहानूला त्यानं दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर आल्यावर लहानू आंगणातच बसला.

टाक्यातलं पाणी उतरेपर्यंत सगळे बाहेरच थांबले. पिंपातली मरळ तेवढी धडका देत होती.

मग लहानू उठला. मला पाहायचं आहे, असं म्हणाला. कोबा पक्का आहे असं त्यानंच सांगितलं होतं, ते त्याला सलत असावं. त्याच्या कमरेला जाळ्याचा दोर बांधला आणि दोराचं दुसरं टोक तिघांनी धरलं. टाक्याच्या अलीकडं, दारापासून हात पुरेल एवढ्यावर तो पालथा पडून सब्बल मारू लागला. कोब्याचे टवके उडाले. अजून एक टोला, अजून एक, आणि सब्बल त्याच्या हातातून गेली. निसटली असं नव्हे. खालून कोणी ओढून न्यावी तशी गेली. थोडा वेळ काहीच नाही. मग खोलवर पाण्याचा आवाज झाला.

मुरूम नव्हताच. बल्ल्या कधीच्या कुजल्या होत्या आणि मुरूम मुठीमुठीनं खाली झिरपून गेला होता. इतकी वर्षं तो कोबा नुसता आपल्या जिवावर, फुगलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा, विहिरीच्या तोंडावर बसून होता. त्याच्यावर शिंगाड्यांची पोती होती. त्याच्यावर प्रयागबाईची पोरं खेळली होती. ती दाराच्या चौकटीला धरून होती, तिनं तो आवाज ऐकला. सुटले म्हणून आनंद वगैरे तिला काही झाला नाही. आजवरच्या प्रत्येक दिवसाचं भेव तिला एकदम लागलं.

भोकातून गार वारा वर येत होता. गाडीजवळचा तो बिडीवाला वाकून म्हणाला, नत्थू, मासोळी यातच सोडून दे ना गा, बांधायची कटकट नाही. कोणी हसलं नाही, तेव्हा तो गाडीकडं परत गेला.

पण मासोळी वाट पाहणार नव्हती. पिंपातलं पाणी तापलं होतं. तेव्हा जे सुचलं ते झालं. शेजारच्या यमुताईनं आपला न्हाणीतला हौद दिला. मागल्या गल्लीत वामनरावांनी कपडे धुवायचं टाकं रिकामं करवून घेतलं आणि स्वतः पाट आणून त्यावर झाकला, कारण मरळ उडी मारते. कोणी गंगाळ दिलं, कोणी जनावरांची डोणी. बैलगाडी दिवे लागेपर्यंत दारोदार फिरली. दोन मोठ्या माद्या पिंपातच उलट्या झाल्या होत्या. नत्थूजीनं त्यांना मांडीवर घेऊन पाहिलं, कल्ले उघडून पाहिले, आणि बाजूला ठेवलं. बाकीच्या पावसापर्यंत लोकांच्या हौदात किती टिकतील, ते सांगता येत नव्हतं.

तो आंगणातल्या दगडावर येऊन बसला. मोटरखान्याच्या दाराला त्यानं कडी घातली होती आणि वरून दोरही बांधला होता.

“टाकं पाडाव लागन,” तो म्हणाला.

“हो.”

“पाडणारा उभा कुठं राहीन?”

एवढ्या विटांचं ओझं अजून त्या पापुद्र्यावर तसंच होतं, आणि मध्ये आता भोक पडलं होतं. वामनराव उद्या कोणाला तरी घेऊन येतो म्हणाले होते. दोघंही बंद दाराकडं पाहत राहिले. आतून काही आवाज येतो का म्हणून ती कान देऊन होती, आणि तोही तेच करत होता हे तिला कळत होतं.

“बाबानं मले कधी सांगतलं नाही,” तो म्हणाला.

सकाळपासून दोघांच्याही पोटात काही नव्हतं. ती उठली, परातीत पीठ घेतलं. पाण्यासाठी घरातली एकेक घागर, एकेक गुंड उघडून पाहिला. सगळ्यांत मरळ. एकीनं झाकण उचलताच शेपटी मारून तिचं तोंड ओलं केलं. तिनं झाकण पुन्हा घट्ट बसवलं, वर वरवंटा ठेवला, आणि यमुताईकडून तांब्याभर पाणी मागून आणून कणीक भिजवायला बसली.